बारा जणींचा निवाडा

मालाडच्या पश्चिमेला डांबरी रस्ता संपतो आणि खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे एक कोळीवाडा आहे. त्या वर्षांत रस्त्याच्या एका अंगाला सोसायट्यांच्या नव्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या अंगाला बोंबील वाळत होते. वारा खाडीवरून आला की इमारतींच्या खिडक्या लागत, फिरला की पुन्हा उघडत. दोन्हींच्या मधोमध मासळीबाजार होता. चार खांब, वर पत्रे, खाली दगडी ओटे. तिथे मालन बसे.

मालन मूळची खारदांड्याची. तिचा बाप नाखवा होता, म्हणजे स्वतःच्या होडीचा धनी. मुलगी पाहायला सासू आली, तेव्हा तिनं मासा कापायला सांगितला नाही, की भाकरी थापायला सांगितली नाही. ती म्हणाली, "हाळी देऊन दाखव." पोरगी लाजली नाही. दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि हाळी दिली. पलीकडच्या आळीतली माणसं टोपल्या घेऊन बाहेर आली, अशी गोष्ट सासू पुढे मरेपर्यंत सांगत असे. सुनेच्या रंगाबद्दल तिनं कधी चांगला शब्द काढला नाही, पण गळ्याबद्दल काढला.

त्या बाजारात हाळीला मोल होतं. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाजारात मासळी अनेक वाटांनी येई. कुणी दुसऱ्याच्या होडीवरून घेई, कुणी शहरातल्या धक्क्यावरून बर्फातली आणी. अशी मासळी विकायला बंदी नव्हती, पण ती गप्प बसून विकायची. गिऱ्हाइकानं विचारलं तर भाव सांगायचा, नाही विचारलं तर नुसतं पाणी शिंपडत राहायचं. तोंड उघडून "घरच्या होडीची!" अशी हाळी द्यायची ती फक्त आपल्या होडीनं आपल्या दर्यातून आणलेल्या मासळीवर. हा नियम कुणी लिहिला नव्हता. मीठ खारट असतं हेही कुणी लिहिलेलं नसतं. इमारतींतल्या बायकांना नियम ठाऊक नव्हता, पण त्याचा गुण ठाऊक होता. ओरडणारीकडे मासा ताजा मिळतो, एवढं त्या शिकल्या होत्या.

मालनचा नवरा मार्तंड काविळीनं गेला. दर्यावरचा गडी खाटेवर मेला याचं वाड्याला नवल वाटलं. मग होडी तिचा दीर बळवंत चालवू लागला. होडीवर चार खलाशी, घरात एक मुलगी क्षमा, ती कॉलेजात. एवढा सगळा संसार एका होडीवर तरत होता, आणि होडीनं आणलेलं मालनच्या गळ्यावर विकलं जात होतं.

तिचं बाजारात फारसं कुणाशी पटत नसे. जीभ तिखट होती. शेजारी बसणाऱ्या वनमालाचं गिऱ्हाईक ती डोळ्यादेखत ओढून घेई, आणि वर म्हणे, "तुझा मासा झोपलाय, त्याला उठवू नको."

*

सत्त्याऐंशी सालची गटारी होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर मासा बंद. म्हणून त्या दिवशी सगळ्या इमारती खाली उतरून बाजारात आल्या होत्या. पण होड्या पावसाळ्याच्या तोंडालाच वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय त्या खाडीबाहेर जात नाहीत. तेव्हा बाजारात जे होतं ते बर्फातलं होतं, आणि बाजार, एवढी गर्दी असून, गप्प होता.

मालनजवळ पापलेटं होती. पहाटे धक्क्यावरून आणलेली. तिला यायला उशीर झाला होता, गर्दी वनमालाच्या बाजूनं सरकत चालली होती आणि टोपलीतला बर्फ पाणी होऊन ओट्यावरून वाहू लागला होता. एक बाई आली, पाहून पुढे गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरीच्या वेळी मालनच्या तोंडातून हाळी निघाली.

"घरच्या होडीची गोऽ! घरच्या होडीचीऽ!"

आपण हे ठरवून केलं की आपोआप झालं, याचा उलगडा तिला नंतरही झाला नाही. पत्र्याखाली आवाज घुमला. बाजारातल्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या. वनमालाच्या हातातलं पाणी शिंपडायचं राहिलं. इमारतींतल्या बायका मात्र मधमाश्यांसारख्या आल्या आणि टोपली रिकामी झाली.

हाळी पंचांच्या कानी गेली. जाणारच होती, पंच बसतात त्या देवळासमोरच्या ओट्यावर ऐकू येईल एवढी ती मोठी होती. त्यात भर अशी, की बळवंतनं आदल्याच रात्री, उधाणाचं पाणी होडीला लागलं तेव्हा, चौघा खलाशांनिशी ती पाण्यात काढून नव्या इंजिनाची चाचणी घेतली होती. खाडीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. पंचांनी जाऊन पाहिलं तर होडीच्या बुडाला ताजा चिखल.

वाड्याचा पाटील रामनाथ हा वाईट माणूस नव्हता. त्याचा धाकटा भाऊ एका वर्षी नारळाआधी दर्यात गेला होता आणि त्याचं नुसतं वल्हं परत आलं होतं. तेव्हापासून हा एक नियम तो सैल सोडत नसे. त्यानं बळवंतला बोलावलं.

"मालननं हाळी दिली?"

"दिली."

"घरच्या होडीची म्हणाली?"

"म्हणाली. पण पाटील, मी खाडीबाहेर गेलो नाय. देवाशपथ."

"तुझी शपथ खरी मानू का तिची हाळी?"

वाड्यात आजवर खोटी शपथ घेणारे पुष्कळ झाले होते, खोटी हाळी कुणी ऐकली नव्हती. पंचांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. होडी देवळापर्यंत वर ओढून ठेवायची, होळीपर्यंत ती वरच राहील. तिला खांदा द्यायला कुणी येणार नाही. खलाशांनी दुसरी होडी बघावी. तोवर घर वाळीत. मालनला बोलावलं नव्हतं. बाईला बोलवायची रीत नव्हती.

बळवंत घरी येऊन उंबऱ्यावर बसला. "वयनी, पापलेटं कुठली?"

"धक्क्यावरची."

"मग वरडलीस कशाला?"

मालननं पदर खोचला आणि स्वतः पाटलाच्या दारी गेली. मासळी बर्फातली होती, हाळी खोटी होती, असं तिनं सांगितलं. आयुष्यात तिनं कुणापुढे इतकं खाली बोलून घेतलं नव्हतं. पाटलानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"होडी वाचवायला आता हाळीच खोटी पाडतेस? तुझी सासू ऐकती तर काय म्हणाली असती? अशी बाई या वाड्यात झाली नाय, मालन. घरी जा."

खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं होतं. खरं बोलली तर कुणी मानेना. एवढ्या वरून होडी पाण्यात लोटायला तीस-चाळीस खांदे लागतात, ते दोन माणसांचं काम नव्हे. पौर्णिमा जवळ येत होती. चारांतला एक खलाशी येऊन पाया पडला आणि काम सोडून गेला. दुसरा पाया न पडताच गेला.

*

क्षमाला कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती, विषय तोच होता. होडी वर राहिली तर कॉलेजही सुटणार हे तिला कळत होतं, पण नाव दिलेलं होतं म्हणून ती पाठ करत होती. संध्याकाळी दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत ती मोठ्यानं म्हणे. मालन खाली बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडे. पोरीचं बोलणं तिच्या कानांवरून इमारतींतल्या रेडिओसारखं जाई.

"...'कोणत्याही स्वतंत्र माणसाला पकडले जाणार नाही, कोंडले जाणार नाही, त्याची मालमत्ता हिरावली जाणार नाही, त्याला वाळीत टाकले जाणार नाही...'"

मालनचा हात सोड्यांत थांबला. "काय म्हणालीस?"

"भाषण म्हणतेय आये."

"वाळीत म्हणालीस. मागचं पुढचं परत म्हण."

क्षमानं परत म्हटलं आणि वाक्य पुरं केलं. "'त्याच्या बरोबरीच्या माणसांनी निवाडा केल्याशिवाय, किंवा देशाच्या कायद्याशिवाय.'"

"हे अमेरिकेत हाय?"

"तिथे नंतर आलं. मूळ इंग्लंडचं. पावणेआठशे वर्षं झाली. जॉन नावाचा राजा होता, मनाला येईल त्याला धरायचा, कुणाची जमीन काढून घ्यायचा. शेवटी त्याचे सरदारच उलटले. नदीकाठच्या कुरणात त्याला गाठलं आणि सनद लिहून घेतली. त्यानं खाली मोहोर केली."

"इंग्रजांच्यात पण वाळीत टाकायचे?"

"आपल्याहून वाईट. वाळीत टाकलेल्याला कुणी मारलं तरी विचारणारं कुणी नसे."

"पाटलाला सांगू नको, त्याला नवीन सुचायचं." मालननं सोड्यांची परात बाजूला सारली. "मग? अमेरिकेत कसं गेलं?"

"जहाजांतून. तिकडे वसायला जाणाऱ्यांना चारशे वर्षांनंतरच्या एका राजानं लिहून दिलं होतं, की तुमची पोरं तिकडे जन्मली तरी हक्क इंग्लंडात जन्मल्यासारखेच. पुढे दीड-पावणेदोनशे वर्षांनी इंग्लंडच्या राजाशी भांडण झालं, हे लोक तुटले. स्वतःची घटना केली, आणि तिच्यात थोड्याच वर्षांत हक्कांची कलमं जोडली, तेव्हा जुनं बोलणं नव्या शब्दांत घातलं. कायद्याची रीत पाळल्यावाचून कुणाचा जीव, मोकळीक, मालमत्ता घ्यायची नाही. आणि गुन्ह्याचा खटला चालायचा तो लोकांतून निवडलेल्या पंचांसमोर. ते बारा असतात."

"ज्याच्याशी भांडले त्याच्याच घरचं घेऊन वापरलं."

"हो गं."

"शहाणी माणसं. सासूशी भांडावं, तिचा पाटा-वरवंटा सोडू नये." तिनं हात पदराला पुसले. "हे बारा पंच म्हणजे रामनाथ पाटलासारखे?"

"नाही. पाटील कायमचा. हे एका खटल्यापुरते, मग घरी. ज्याचा निवाडा करायचा त्याच्या बरोबरीची साधी माणसं. अगदी जुन्या काळी तर आसपासची, ज्यांना गोष्ट आधीच ठाऊक आहे अशीच बसवायचे. कोंडून घालायचे त्यांना. एकमत होईपर्यंत अन्न नाही, विस्तव नाही. बाहेर आले की एवढंच सांगायचं, केलं की नाही केलं. का ते त्यांना विचारायचं नाही."

"विचारायचंच नाय?"

"नाही."

मालननं हे दोनदा विचारलं. मग म्हणाली, "त्यात बाया असायच्या?"

"नसायच्या. फार उशिरा आल्या, आत्ता आत्ता. खरं म्हणजे सुरुवातीला ते सगळं सरदारांपुरतंच होतं. 'स्वतंत्र माणूस' म्हटलं की राबणारे गडी त्यात नव्हतेच. पण शब्द लिहिलेले राहिले ना, मग एकेकानं ते आपल्यावर ओढून घेतले." क्षमाला आता चेव आला होता. "आणि ऐक, त्या सनदेत माशांचंही कलम आहे! नद्यांत मासे अडवायला कूड रोवलेले असायचे, होड्यांची वाट बंद व्हायची. ते सगळे उपटून टाका म्हणून लिहिलंय. फक्त समुद्रकिनाऱ्यावरचे सोडून."

"किनाऱ्यावरचे सोडले? मग लिहिणारा कुणीतरी कोळी असंल."

"आये, मला पाठ करू दे आता."

"कर. आपल्याकडे नव्हते असे बारा?"

"होते की, फक्त नऊ. इंग्रजांनी आणलेले, मुंबईतही होते. नंतर बंद केले. लोक चुकतात म्हणाले."

"आणि पाटील चुकत नाय," मालन म्हणाली आणि सोडे पुन्हा पुढे ओढले. पण त्या संध्याकाळी तिनं निवडलेल्या सोड्यांत टरफलं पुष्कळ राहिली.

*

दुसऱ्या दिवशी पंच ओट्यावर बसलेले असताना ती समोर जाऊन उभी राहिली. बाई ओट्यासमोर उभी राहिलेली पाहून एका म्हाताऱ्या पंचानं विडी विझवली, दुसऱ्यानं नवी पेटवली.

"काय गो?" पाटील म्हणाला. "झालं ना बोलून?"

"तुमचं झालं. माझं नाय झालं. पाटील, तुम्ही होडीवाले. बळवंतचा निवाडा तुम्ही केलात, तो तुमच्या बरोबरीचा. पण गुन्हा निघाला तो माझ्या टोपलीतून. टोपलीतलं टोपलीवाल्यांनी बघावं. बाजारातल्या बाया बसू देत, त्या सांगतील ते मी मानीन. वाळीत म्हणाल्या तर वाळीत. मी पुन्हा या ओट्यापुढे येणार नाय."

पंच हसले. विडीवाला म्हणाला, "बायांची पंचायत! आणि चुली आम्ही पेटवायच्या?"

"एक दिवस पेटवा. हात नाय गळायचे."

"तुझ्या मैत्रिणी गोळा करशील," पाटील म्हणाला.

"माझी मैतरीण आहे का एक तरी बाजारात? तुम्हीच सांगा." विडीवाल्यानं राख झटकली. "वनमालापासून ओळीनं बारा घ्या. मधली एक सोडायची नाय. बाराही जणींचं एकमत झालं पाहिजे. फक्त एक. होडी गेली की नाय गेली, एवढं त्या सांगतील. का, ते त्यांना विचारायचं नाय."

पाटलानं दर्याकडे बघत हिशेब केला. वनमाला ही पहिली, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. वनमाला मालनला सोडणार नाही, आणि मग वाड्यातली कुजबुजही थांबेल, की विधवेचं ऐकून न घेता तिला बुडवली. तिच्या बोलण्यात कुठे तरी गाठ आहे असंही त्याला वाटलं असावं, पण ती सापडली नाही.

"बसव," तो म्हणाला.

देवळामागे जाळी ठेवायची खोप होती, माडाच्या झापांच्या भिंतींची. बारा जणी तिच्यात गेल्या. चहा नाही, पान नाही, विस्तव नाही, हे ऐकून आतूनच एकीनं विचारलं, "हे कुठलं शास्तर?" "इंग्रजांचं," मालन बाहेरून म्हणाली. "म्हणूनच गेले," आतून उत्तर आलं.

पुरुष सगळे पुढे, ओट्यावर. मालन एकटी खोपीच्या दाराशी बसली. कोळणी हळू बोलू शकत नाहीत, त्यामुळे झापांच्या भिंतीचा उपयोग नव्हता.

"गेली म्हणा होडी, सुटली कटकट," पहिला आवाज वनमालाचा. "माझ्या घरी भात शिजायचाय."

"तू शेजारी बसतेस." हा कृष्णाबाईचा आवाज. ती बाजारातली सगळ्यांत जुनी, तिची टोपली आता सून वाही, पण जागा तिनं सोडली नव्हती. "तिची पापलेटं बघितलीस. डोळा कसा होता?"

"खोल गेलेला."

"आणि कल्ला?"

"आता कल्ला काय विचारतेस म्हातारे, तूही बघितलास. विटकरी. बर्फातला माल होता, मला काय कळत नाय?"

"मग होडी गेली का?"

वनमाला एकदम उसळून म्हणाली, "नाय गेली! पण गो, तिनं माझं गिऱ्हाईक ओढलं ना खोटं वरडून! आणि आता तिलाच वाचवायचं?"

तिसरी कुणी म्हणाली, "वाचवू. पण ओट्यावर जाऊन काय सांगायचं? मालननं खोटी हाळी दिली? ते इमारतींत पोचायला किती वेळ? उद्या तू वरडलीस तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? पोटावर पाय येईल सगळ्यांच्या."

होडीचा निकाल झापांच्या पलीकडे लागत होता हे खरं, पण त्या क्षणी दाराशी बसलेल्या मालनला पहिल्यांदा कळलं की गटारीच्या दिवशी तिनं विकलेली ती पापलेटं तिच्या एकटीची नव्हती. बाजारातली प्रत्येक टोपली तिनं त्या दिवशी थोडी थोडी विकली होती.

"का ते सांगायचं नाय," कृष्णाबाई सावकाश म्हणाली. "तशी अट घातलीय तिनं. म्हणूनच घातलीय."

"लबाड बाई," वनमाला म्हणाली. आवाजात राग होता, पण आधीचा नव्हता.

मग त्या आवाज खाली करून बोलल्या. कोळणींनाही ते जमतं, हे मालनला त्या दिवशी समजलं. तिला पुढचं ऐकू आलं नाही.

बारा जणी ओट्यापुढे गेल्या. कृष्णाबाई पुढे.

"होडी गेली नाय."

"कशावरून?" पाटलानं विचारलं.

"विचारायचं नाय ठरलंय."

"अगो, पण मासळी आली कुठून? आणि हाळी...?"

"रामनाथा," कृष्णाबाई म्हणाली. तिनं त्याला लंगोटात पाहिला होता. "बारा जणी सांगतोय, होडी गेली नाय. त्यात मालनला पाण्यात बघणाऱ्या पाच हायत, आणि ही वनमाला हाय. पुरे का नाय?"

पाटलानं वनमालाकडे पाहिलं. वनमालानं मान डोलावली आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. पाटील उठला, उपरणं झटकलं. पौर्णिमेला होडी खाली जाईल, सगळ्यांनी खांदा द्यावा, असं सांगून तो घरी गेला. त्या रात्री वाड्यात भात सगळ्यांनी उशिरा खाल्ला.

*

मालन आभार मानायला खोपीपाशी थांबली होती. आभार मानायची सवय नसल्यामुळे ती शब्द शोधत होती. कृष्णाबाईनं तिला ते सापडू दिले नाहीत.

"होडीचं सांगितलं. आता तुझं ऐक. तू म्हणालीस ना, आम्ही सांगू ते मानीन?"

"म्हणाले."

"होळीपर्यंत हाळी द्यायची नाय."

मालनला आधी कळलंच नाही. "बर्फातल्या मालावर ना? नाय देणार. कानाला खडा."

"कशावरच नाय. घरच्या होडीचा मासा उड्या मारत असला तरी तोंड उघडायचं नाय. विचारील त्याला भाव सांगायचा. बस."

"म्हातारे, मग मी विकू कशी? धंदा बसंल माझा!"

"होडी दिली ना तुला?"

"आणि मासा? तो काय घरी नेऊन पुजू?" मालनचा आवाज चढला. मग तिनं वनमालाकडे बोट केलं. "हिनं सांगितलं ना हे?"

"हिनं तुझी जागा मागितली होती," कृष्णाबाई म्हणाली. "हे मी सांगितलं. बाकीच्या अकराजणी हो म्हणाल्या. पाटील तुझ्या बरोबरीचा नाय म्हणालीस. आम्ही हाव. मग ऐक आता बरोबरीच्यांचं."

मालननं बारा तोंडांवरून नजर फिरवली. पाटलाशी वाद घालता आला असता, तो होडीवाला होता, पुरुष होता, त्याला टोपलीतलं काय कळतं, असं म्हणता आलं असतं. इथे म्हणायला काही उरलं नव्हतं. प्रत्येकीनं तो मासा बघितला होता आणि ती हाळी ऐकली होती.

"होळीपर्यंत," ती म्हणाली.

"होळीपर्यंत."

घरी आल्यावर क्षमानं विचारलं, काय झालं. मालननं होडीचं सांगितलं. दुसरं सांगितलं नाही, ते पोरीला बाजारातूनच कळलं. क्षमानं स्पर्धेत भाषण केलं, बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, मांडणी चांगली आहे, पण मासेमारीच्या कलमाला अवाजवी वेळ दिला. ती चिडली. मालन म्हणाली, "त्याला विचार, तो काय खातो."

*

नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला आणि होड्या एकामागून एक खाली गेल्या. मालनच्या होडीला खांदे कमी पडले नाहीत. सोडून गेलेले दोघे खलाशी परत आले, दुसरा पाया न पडताच आला. पुढच्या काही दिवसांत जाळी भरू लागली. बळवंतनं पहिली पापलेटं आणली ती चांदीच्या ताटासारखी, तळहाताएवढी जाड, डोळे जिवंत.

मालन ती घेऊन बाजारात आपल्या जागी बसली. श्रावण सरला नव्हता, तरी न पाळणारी गिऱ्हाइकं होतीच. बाजार गजबजलेला होता, कारण सगळ्यांच्या घरच्या होड्या आल्या होत्या आणि सगळ्या ओरडत होत्या. शेजारी वनमाला गळा फाडून ओरडत होती. मालन पाणी शिंपडत होती. दोनदा तिचं तोंड उघडलं, आणि दोनदा तिनं ते पदरानं पुसल्यासारखं करून मिटलं.

इमारतीतली एक बाई तिच्यापाशी थबकली. गटारीला पापलेट नेणाऱ्यांतली होती. तिनं टोपलीत डोकावलं, मग मालनच्या तोंडाकडे पाहिलं.

"आज ओरडत नाहीस? ताजी नाही वाटतं?"

मालनला म्हणता आलं असतं, कल्ला उघडून बघा. पण तेही ओरडण्यातलंच झालं असतं की नाही, याची तिला खात्री नव्हती. तिनं भाव सांगितला. बाई पुढे गेली, वनमालाच्या टोपलीशी थांबली आणि तिथून मासा घेऊन गेली.

दुपार चढली. पत्रे तापले. रामनाथ पाटील बाजारातून चालला होता, तो मालनच्या ओट्यासमोर थांबला. त्यानं टोपलीतल्या माशाचा डोळा पाहिला, मग मिटलेल्या तोंडाची बाई पाहिली. आयुष्य दर्यावर काढलेला माणूस होता तो. तिथे उभ्या उभ्या त्याला गटारीचा दिवस, बर्फ, खोटी हाळी आणि बारा जणींचं मौन सगळं एकदम कळलं असणार. चेहऱ्यावर तसं आलंही. बाजारातल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. ओरडणं क्षणभर थांबलं होतं. तो चालू लागला, आणि तो खांबाआड गेल्यावर बाजार पुन्हा सुरू झाला.

त्या दिवशी मालनची अर्धी टोपली उरली. तिनं ओट्यावर बसूनच पापलेटांची पोटं साफ केली आणि मीठ भरायला घेतलं. सुकवलेल्या माशाला हाळी लागत नाही. वनमालाची टोपली केव्हाच रिकामी झाली होती, पण ती उठली नव्हती. थोड्या वेळानं तिनं आपली मिठाची पिशवी मालनच्या बाजूला सरकवली, आणि दुसऱ्या कुणाशी तरी सुरमईच्या भावावरून भांडायला लागली.